सेटच्या पोटातलं सॉफ्टवेअर

हौशी रेडिओच्या वर्तुळात एक मत इतकं रुळलं आहे की ते मांडताना पुराव्याची गरज कुणाला वाटत नाही. ज्या सेटमध्ये डिजिटल मोडचं सॉफ्टवेअर आतच बसवलेलं असतं तो खरा रेडिओ नव्हे, आणि तो चालवणारा खरा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, नव्हे, असं हे मत. मुंबई-नवी मुंबईच्या हॅम मंडळींत ते सहज ऐकू येतं. परवान्याची परीक्षा देऊ पाहणाऱ्या मुलाने असा सेट घेऊ का म्हणून विचारलं, की त्याला प्रेमाने पण ठामपणे परावृत्त केलं जातं. मला हे मत चुकीचं वाटतं. ते नव्या माणसाला दारातूनच परत पाठवतं, म्हणून घातकही वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो मांडणारी माणसं साधी नाहीत. त्यांनी परीक्षेसाठी मोर्स घोटला आहे, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पहिला सेट स्वतः जोडला आहे, हेडफोन लावून रात्ररात्र गोंगाटातून एखादी कॉल साइन, म्हणजे कुणा हॅमचं परवान्यावरचं ओळखनाव, वेचली आहे. त्यांचं म्हणणं असं: हौशी रेडिओ हा माणसाचा माणसाशी संवाद आहे. एफटी-८ सारख्या मोडमध्ये एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलतं, माणूस पडद्यावरच्या नावाला बोट लावतो. पूर्वी निदान लॅपटॉप, केबल, ध्वनीची पातळी ही जुळवाजुळव तरी करावी लागे. आता तेही सेटच्या पोटात गेलं. कान गेला, हात गेला. संकटकाळी अशा सेटचा उपयोग नाही. शिवाय रेडिओ तीस वर्षं टिकतो आणि सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुनं होतं, तेव्हा दोघांची मोट बांधणं शहाणपणाचं नाही. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. त्याच्याकडे शेवटी येईन.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. एफटी-८ हा मोड २०१७ साली आला. तो जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी घडवला. यात प्रत्येक मिनिटाचे १५ सेकंदांचे चार भाग पडतात. एका भागात एक जण पाठवतो, पुढच्या भागात दुसरा. प्रत्यक्ष प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. एवढ्या वेळात जेमतेम ७७ बिट मजकूर जातो: दोन कॉल साइन आणि पाठवणाऱ्याचा नकाशावरचा चौकोन, किंवा सिग्नल किती जोराचा आला त्याचा आकडा. वाशी, नेरुळ, बेलापूर ज्या चौकोनात येतात त्याचं नाव एमके६९. पनवेल आणि उरण १९ अंश अक्षांशाच्या रेषेखाली असल्यामुळे एमके६८ मध्ये जातात. पूर्वी हे सगळं रेडिओला जोडलेल्या संगणकावर चालायचं. आता काही सेटमध्ये तो संगणक आतच असतो, समोर लहानसा स्पर्शपडदा असतो, आणि बाहेरून फक्त अँटेना आणि बॅटरी जोडायची असते.

‘यंत्र यंत्राशी बोलतं’ या आक्षेपापासून सुरुवात करू. तो करणारे स्वतः कोणता सेट वापरतात ते पाहावं. २०१६ पासून जगभर घराघरांत गेलेला आयकॉमचा आयसी-७३०० हा सेट अँटेनाकडून आलेल्या लहरीचं थेट आकड्यांत रूपांतर करतो. त्या सेटमधून येणारा मित्राचा आवाज हा गणित करून पुन्हा घडवलेला आवाज असतो. आरटीटीवाय हा जुना टेलिप्रिंटरचा मोड वाचणारं सॉफ्टवेअरही त्याच्या आत आहे. त्यावर कुणी नाक मुरडल्याचं मी ऐकलेलं नाही. मोर्सवाल्यांचा इलेक्ट्रॉनिक कीअर टिंब आणि रेघ यांची लांबी स्वतः मोजून देतो, साठवलेली ‘सीक्यू’ ही सर्वांना घातलेली हाक एका बटणावर पुन्हापुन्हा पाठवतो. आणि रेडिओ स्पर्धांतला ‘माणसाचा संवाद’ कसा असतो? समोरच्याचा सिग्नल कितीही कुजबुजता असो, त्याला ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे सिग्नल उत्तम, असं सांगायचं आणि पुढच्याला हाक मारायची. उलट एफटी-८ मधला आकडा मोजलेला असतो. उणे १७ आला तर उणे १७ च जातो. यातला कोणता संवाद अधिक खरा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

टेलर यांचा पूर्वेतिहास इथे फार बोलका आहे. हे प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये त्यांनी रसेल हल्स यांच्यासह जोडीने फिरणारा पहिला पल्सार शोधला आणि १९९३ चं नोबेल पारितोषिक दोघांना मिळालं. गोंगाटात बुडालेला नियमित ठोका गणिताने बाहेर काढायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हौशी रेडिओसाठी केलेलं काम त्याचाच विस्तार आहे. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी हेच करतात. तिथे कुणी हेडफोन लावून पल्सार ऐकत बसत नाही, म्हणून ते खगोलशास्त्रज्ञ आकाश ऐकत नाहीत असं आपण म्हणतो का? ऐकण्याची इंद्रियं वाढली, ऐकणारा तोच राहिला.

आता नवी मुंबईकडे येऊ, कारण मला या वादाचा खरा निकाल इथल्या फ्लॅटमध्ये लागताना दिसतो. ज्यांनी मोर्समध्ये हात घडवला त्यांच्या काळात लघुलहरींवर विजांचा कडकडाट असे, पण घराघरांतून निघणारा आजचा गोंगाट नव्हता. आज नेरुळ किंवा कोपरखैरणेच्या इमारतीत एकेका मजल्यावर किती एलईडी दिवे, किती मोबाइल चार्जर, किती वाय-फायचे डबे असतात ते मोजून पाहा. त्यात लिफ्टच्या मोटरचं नियंत्रण, गच्चीवरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, जवळून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा. हे सगळे मिळून ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर अखंड खरखर पसरवतात. गच्चीवर मोठी अँटेना उभारायची म्हटली तर सोसायटीची सभा आडवी येते. मिळते ती गॅलरीच्या कठड्याला बांधलेली वायर.

शहराच्या विजेने शास्त्राला पिटाळून लावण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाबा वेधशाळेतलं चुंबकीय मापन धोक्यात आलं, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. नानाभाई मूस यांनी काही काळ दोन्ही ठिकाणची मापनं समांतर चालू ठेवली, त्यामुळे ती अमूल्य नोंदमालिका तुटली नाही. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये, सगळी तयारी झाल्यावर. त्याच परंपरेतून वाढलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. वेधशाळेला अलिबाग होतं. हप्त्यावर फ्लॅट घेतलेल्या माणसाला अलिबागला जाता येत नाही, त्याला आहे तिथेच गोंगाटातून वाट काढायची आहे. ती वाट गणिताची आहे.

आणि त्या गणितात जादू नाही. बोललेला आवाज नेणारा सिग्नल साधारण २५०० हर्ट्झ रुंदीची पट्टी व्यापतो, तेवढ्या पट्टीतला सगळा गोंगाट त्याच्यासोबत आत येतो. एफटी-८ आठ सुरांवर चालतो, आणि त्या सुरांमधलं अंतर ६.२५ हर्ट्झ आहे. एवढ्या अरुंद फटीतून ऐकलं की गोंगाट चारशेपट कमी होतो. डेसिबलमध्ये हा फायदा २६ चा. म्हणून रुंद पट्टीत गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतक्या ताकदीचा, म्हणजे उणे २० डेसिबलचा सिग्नल त्या फटीत गोंगाटाच्या ६ डेसिबल वर उभा दिसतो. वर चुकांची दुरुस्ती आहे: ७७ बिटांना तपासणीचे १४ जोडले जातात, त्या ९१ चे १७४ करून पाठवले जातात, आणि वाटेत बरेच गळाले तरी मूळ संदेश परत जुळवता येतो. किंमत मोजली ती वेळेची. सेकंदाला सहाएक बिट इतक्या संथ गतीला आपण राजी झालो, म्हणून पाच वॅटचा सेट आणि गॅलरीतली वायर समुद्रापार पोहोचते. सूर्याचीही साथ लागते. हा मोड २०१७ मध्ये आला तेव्हा सौरडागांचं चक्र उतरणीला होतं, तळ डिसेंबर २०१९ मध्ये आला, आणि ज्या संध्याकाळी बोललेला शब्द कुठेच पोहोचत नव्हता तेव्हा हा मोड पोहोचत होता. तो इतक्या झपाट्याने पसरला त्यामागे हेही कारण आहे. २०२४ मध्ये सूर्य पुन्हा शिखराजवळ होता. त्यानंतरची वाट उताराचीच आहे.

इथे कुणी म्हणेल, मोड मान्य. पण तो लॅपटॉपवर चालवा, सेटच्या आत कशाला? गंमत म्हणजे पूर्वपक्षातले बरेच जण स्वतः तसंच करतात. १९९८ मध्ये पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके-३१ हा डिजिटल मोड संगणकाच्या साउंड कार्डावर आणला, तेव्हापासून हॅमच्या टेबलावर संगणक आहेच. मग शेजारी बसलेला संगणक चालतो आणि आत बसलेला चालत नाही, या भेदाला आधार काय? तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर पारडं उलट बाजूला झुकतं. लॅपटॉपचा चार्जर हाच लघुलहरींवरच्या गोंगाटाचा एक मोठा उगम आहे, आणि यूएसबीची केबल तो गोंगाट थेट सेटच्या अंगावर आणून सोडते. प्रक्षेपण सुरू झालं की तीच केबल अँटेनासारखी वागते, संगणक गोठतो, माउस हलेनासा होतो. बँडवर एफटी-८ चे जे फाटके, दोन्हीकडे पसरलेले सिग्नल दिसतात त्यांतले पुष्कळसे लॅपटॉपच्या ध्वनीची पातळी चुकीची ठेवल्याने होतात. सॉफ्टवेअर आत असलं की त्या पातळ्या बनवणाऱ्याने जुळवून ठेवलेल्या असतात. ज्या गॅलरीत आधीच गोंगाट आहे तिथे चार केबली आणि एक चार्जर कमी होणं ही चैन नाही.

पैशाचाही विचार हवा. ज्या विद्यार्थ्याकडे घरात एकच लॅपटॉप आहे, आणि तो बहिणीच्या अभ्यासालाही लागतो, त्याला ‘आधी संगणक रेडिओला जोड, मग ये’ असं सांगणं म्हणजे ‘येऊ नकोस’ असंच सांगणं.

कौशल्य बुडतं, हा पुढचा आक्षेप. कोणतं कौशल्य? कानाने मोर्स वाचणं ही सुंदर विद्या आहे, ती जपली पाहिजे, आणि मी ती शिकणाऱ्याला कधी अडवणार नाही. पण परवान्यासाठी ती अनिवार्य असण्याची आंतरराष्ट्रीय अट २००३ च्या जिनिव्हातल्या परिषदेतच गेली. आपल्याकडेही रिस्ट्रिक्टेड दर्जाच्या परवान्याला मोर्सची परीक्षा नाही. राहिलं बाकीचं कौशल्य, तर सॉफ्टवेअर अँटेना बांधून देत नाही. ७ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची वायर २० मीटरची होते. ती दोन खोल्यांच्या घरातून कुठून कुठे न्यायची, कोणत्या टोकाला ताण द्यायचा, फेराइटचं कडं कुठे घालायचं, घरातला कोणता दिवा बंद केला की खरखर उतरते, हे शोधताना माणूस विद्युतचुंबकत्व अंगवळणी पाडून घेतो. एफटी-८ तर या शिक्षणाला मदत करतो, कारण प्रत्येक बदलाचा परिणाम आकड्यात परत येतो. वायर दोन हात वर नेली, काल उणे १९ म्हणणारा आज उणे १३ म्हणाला. तोंडी ‘फाइव्ह नाइन’च्या जगात हा धडा मिळत नाही. १४ मेगाहर्ट्झवर युरोप संध्याकाळी कसा उघडतो आणि रात्री कधी मिटतो, हे काही दिवस पडदा पाहून जेवढं समजतं तेवढं पुस्तकातून समजत नाही.

शिवाय यंत्रं ऐकत राहतात तेव्हा नोंदी जमतात. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणात हौशी रेडिओचालक आणि शास्त्रज्ञ यांच्या हॅमसाय या गटाने अशाच आपोआप झालेल्या नोंदी वापरून आयनांबरातले बदल अभ्यासले. ज्या शहरात भूचुंबकत्वाची राष्ट्रीय संस्था आहे तिथल्या हॅमना ‘यंत्रांचं आपापसातलं बोलणं’ निरर्थक वाटावं, याचं मला वाईट वाटतं.

संकटकाळाचा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मी बिनशर्त मान्य करतो. एफटी-८ मध्ये मोकळा मजकूर एका वेळी १३ अक्षरांचा जातो. त्यातून मदतकार्य चालत नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला असताना त्यांच्या केंद्राने निरोप पोहोचवले, ते आवाजाने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशा दिवशी एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात बोलायला हातातला साधा व्हीएचएफ सेटच बरा. पण एफटी-८ म्हणजे सगळे डिजिटल मोड नव्हेत, ही गल्लत पूर्वपक्ष सतत करतो. पीएसके-३१ मध्ये माणूस टाइप करतो आणि समोरचा वाचतो. एफटी-८ च्याच पायावर २०१८ मध्ये आलेल्या जेएस-८ मध्येही मोकळं लिहिता येतं. औषधाचं नाव, रक्तगट, बेपत्ता माणसांची यादी हे खरखरणाऱ्या आवाजातून तीनदा सांगण्यापेक्षा लिहून पाठवणं सुरक्षित असतं. आणि असं लिहिणं वीज नसताना कोण करू शकेल? ज्याचा लॅपटॉप दोन-तीन तासांत मान टाकतो तो, की ज्याच्या एकाच पेटीला एकच बॅटरी लागते तो? इथे आत बसवलेलं सॉफ्टवेअर सरळ सरस ठरतं.

आता तो वजनदार मुद्दा. सॉफ्टवेअर जुनं होतं. हे खरं आहे आणि त्याचा दाखला एफटी-८ च्याच इतिहासात आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टेलर यांच्या गटाने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली आणि संदेशाची लांबी ७५ वरून ७७ बिटांवर नेली. नवं आणि जुनं एकमेकांना वाचू शकत नव्हतं. संगणकवाल्यांनी नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि तासाभरात ते पुन्हा बँडवर आले. समजा तेव्हा कुणाकडे ७५ बिटवालं सॉफ्टवेअर कारखान्यातून पक्कं करून पाठवलेला सेट असता आणि ते सुधारण्यात कंपनीला रस नसता, तर त्याच्यापुरता तो मोड त्या महिन्यात संपला असता. पूर्वपक्षाने हे उदाहरण पुढे केलं तर मला माघार घ्यावी लागेल, असं पहिल्यांदा वाटतं. पण हे उदाहरण नेमकं काय सिद्ध करतं? दोष सॉफ्टवेअर आत असण्याचा नव्हे, ते कुलूपबंद असण्याचा आहे. आणि कुलूप शेजारच्या संगणकालाही असू शकतं.

याचं उत्तर आपल्याच देशात, हैदराबादेत घडलं आहे. अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटेक्स नावाचा एक साधा सेट आखला. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतील असे भाग आणि कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरून कुणालाही तो जोडता यावा, अशी त्यामागची इच्छा. पुढे त्यांच्या एचएफ सिग्नल्सने बिटेक्स-४० आणि मायक्रो-बिटेक्स जगभर पाठवले, आणि गेल्या काही वर्षांत एस-बिटेक्स आणि त्याचं लहान भावंड झेड-बिटेक्स आले. या शेवटच्या दोन सेटच्या आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे, एफटी-८ आणि मोर्स आतच चालतात. आणि त्यांचा सर्किटचा आराखडा व सॉफ्टवेअरचा मूळ कोड दोन्ही उघडे आहेत. कुणीही वाचावा, बदलावा, बदललेला दुसऱ्याला द्यावा. टेलर यांचं मूळ सॉफ्टवेअरही उघडंच आहे. उद्या पुन्हा बिटांची संख्या बदलली तर अशा सेटचा मालक कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर राहणार नाही; त्याने स्वतः नाही बदललं तरी दुसरा कुणीतरी बदलेल आणि तो बदल याला मिळेल.

इथे मला पूर्वपक्षाच्या आवडीचीच एक गोष्ट त्यांना परत द्यायची आहे. ‘स्वतः जोडलेला सेट’ याचं त्यांना जे मोल वाटतं ते मलाही वाटतं. पण जोडण्याची जागा बदलली आहे. व्हॉल्व्हच्या काळात सेटचं मर्म कॉइलमध्ये होतं, म्हणून कॉइल गुंडाळणारा जाणकार ठरला. आज मर्माचा मोठा भाग कोडमध्ये आहे, म्हणून तो कोड उघडून बघणारा जाणकार ठरायला हवा. कारखान्यातून बंद पेटीत आलेला महागडा आवाजी सेट वापरणारा हॅम आणि उघडा एस-बिटेक्स वापरून त्यातला गाळणीचा भाग बदलणारी मुलगी, या दोघांत परंपरेच्या अधिक जवळ कोण? मला शंका नाही.

तेव्हा नव्या मुलाला सल्ला द्यायचा तर ‘आत सॉफ्टवेअर असलेला सेट घेऊ नकोस’ हा देऊ नये. त्याऐवजी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायला शिकवावं. सॉफ्टवेअर मला स्वतःला बदलता येईल का? एफटी-८ शिवाय मोकळा मजकूर पाठवणारा मोड आत आहे का? इंटरनेट नसताना घड्याळ अचूक कसं राहील? एफटी-८ मध्ये सेकंदभराची चूकही जड जाते, त्यामुळे तिसरा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. या तिन्हींची उत्तरं समाधानकारक नसतील तर तो सेट मीही घेऊ देणार नाही.

वाशीपासून खारघरपर्यंत अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, आणि तिथे अंकीय संदेशवहन फळ्यावर शिकवलं जातं: बिट, सूर, चूक-दुरुस्ती, गोंगाटाचं गुणोत्तर. एफटी-८ वाचणारा उघडा कोड मायक्रोकंट्रोलरवर मावेल इतका छोटा करून कार्लिस गोबा यांनी सर्वांना दिलेला आहे. तो ध्वनिमुद्रित फाइलवरही चालतो, म्हणजे शिकायला सेट हाती असण्याचीसुद्धा वाट पाहावी लागत नाही. हॅम क्लबांनी परवान्याच्या वर्गात मोर्सच्या तासाशेजारी एक तास या कोडला द्यावा: आठ सुरांतून १७४ बिट कसे निघतात, त्यातून ९१ कसे, आणि शेवटी एमके६९ कसं उमटतं, हे ओळीओळीने वाचून दाखवावं. जुन्या मंडळींनी तो तास घ्यावा अशी माझी विनंती आहे, कारण गोंगाट म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.